ब्लॅकबुश, ३१ जुलै २०१५: एका बिझनेस जेटच्या लँडिंगचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

३१ जुलै २०१५ रोजी दुपारी तीननंतर इंग्लंडमधल्या ब्लॅकबुश विमानतळावर एक छोटे बिझनेस जेट उतरले, पण धावपट्टी संपेपर्यंत थांबू शकले नाही. पुढच्या मातीच्या बांधावर आदळून ते पुन्हा हवेत उडाले, शेजारच्या गाड्यांच्या लिलाव केंद्राच्या आवारात उभ्या मोटारींवर कोसळले आणि पेटले. वैमानिक आणि विमानाच्या मालक कुटुंबातले तीन प्रवासी असे चौघेही गेले.

ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने या घटनेचा बारकाईने तपास केला. विमानात बिघाड सापडला नाही. हवामान चांगले होते. वैमानिकाच्या गाठीशी हजारो तासांचा अनुभव होता, त्यातले हजारांहून अधिक तास याच जातीच्या विमानावरचे होते, आणि ब्लॅकबुश त्याच्या ओळखीचे होते. दोष दाखवायला एखादी तुटलेली नळी नाही, धुके नाही, नवखा वैमानिकही नाही. म्हणूनच लँडिंगचा निर्णय शिकवताना हे प्रकरण मला सगळ्यात उपयोगी वाटते. इथे जे घडले ते पूर्णपणे निर्णयांच्या साखळीतून घडले, आणि त्या साखळीची प्रत्येक कडी आपल्याला आकड्यांनिशी दिसते. व्यक्तींची नावे इथे मुद्दाम दिलेली नाहीत, त्यांची गरजही नाही.

पार्श्वभूमी

विमान होते एम्ब्रेअर कंपनीचे फेनम ३००. दोन जेट इंजिनांचे, साधारण आठ टन वजनाचे हे विमान एकट्या वैमानिकाने उडवायला प्रमाणित आहे. त्या दिवशी कॉकपिटमध्ये एकच वैमानिक होता आणि त्यात नियमभंग काही नव्हता. या विमानाला रिव्हर्स थ्रस्टची सोय नाही, म्हणजे टेकल्यावर इंजिनांचा झोत उलटा फिरवून वेग मारता येत नाही. थांबण्याचा सगळा भार चाकांच्या ब्रेकवर आणि पंखांवर उघडणाऱ्या स्पॉयलरवर. योग्य वेगाने आणि योग्य जागी टेकवले, तर छोट्या धावपट्टीवरही हे विमान आरामात थांबते. धनिक मंडळी ते घेतात त्यामागे हेही एक कारण असते: मोठ्या विमानतळाची गर्दी टाळून घराजवळच्या छोट्या विमानतळावर उतरता येते.

ब्लॅकबुश तसाच विमानतळ. हॅम्पशायर आणि सरेच्या सीमेवर, दुसऱ्या महायुद्धात बांधलेला, आता मुख्यतः छोट्या विमानांचा आणि उड्डाण शिकणाऱ्यांचा. २५ क्रमांकाच्या धावपट्टीची एकूण लांबी १,३३५ मीटर. पण थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून पुढे विमान टेकवायचे ती रेषा, टोकापासून आत सरकवलेली असल्याने लँडिंगसाठी जाहीर केलेली लांबी फक्त १,०५९ मीटर. फेनमला ती पुरते, पण चुकीला फारशी जागा ठेवत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की इथे पूर्ण अधिकाराचे हवाई वाहतूक नियंत्रण नव्हते, माहिती सेवा होती. रेडिओवरचा अधिकारी वारा किती, सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या उड्डाणमार्गावर, कोण कुठे आहे, धावपट्टी मोकळी आहे का, हे सांगतो. हवेतल्या विमानाला तो ‘तू थांब, आधी त्याला उतरू दे’ असे फर्मावू शकत नाही. क्रम लावायचे आणि अंतर राखायचे काम वैमानिकांनी एकमेकांकडे पाहून करायचे असते. मोठ्या विमानतळावर जो निर्णय नियंत्रक घेतो, तो इथे कॉकपिटमधल्या एकट्या माणसाकडे येतो.

अडचण कुठे सुरू झाली

विमान इटलीतल्या मिलान-मालपेन्साहून निघाले होते. प्रवासात उल्लेख करण्यासारखे काही घडले नाही. ब्लॅकबुशच्या सर्किटमध्ये, डाउनविंडवर म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाताना, पुढे एक मायक्रोलाइट होते. दोन माणसांचे, अगदी हलके आणि जेटच्या मानाने फारच संथ विमान.

संथ आणि जलद विमान एका सर्किटमध्ये आले की मागच्याला तीन गोष्टींपैकी एक करावी लागते: वेग कमी करून मागे राहणे, बाजूला जाऊन वेळ काढणे किंवा पुढे निघून जाणे. वैमानिकाने तिसरी निवडली. मायक्रोलाइटच्या वरून, त्याच्या पुढे जाऊन आधी उतरायचे. हा बेत वेडगळ नव्हता, हे इथे आवर्जून सांगायला हवे. जेटला मंद वेगाने मायक्रोलाइटच्या मागे रेंगाळणे शक्यच नसते, आणि जागा असेल तर पुढे निघून जाणे हे सर्किटमध्ये रोजचे आहे. बेत धरून ठेवण्याची किंमत मात्र पुढच्या काही सेकंदांत वाढत गेली.

वर चढून ओलांडताना टीकॅस जागे झाले. दोन विमानांची टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारी ही यंत्रणा. तिने वर जाण्याचा आदेश दिला आणि वैमानिकाने तो पाळला. तसे करणे बरोबरच होते. टीकॅसचा आदेश आला की तो पाळायचा, वाद घालायचा नाही, असेच शिकवले जाते. परिणाम असा झाला की जिथून उंची उतरवायला सुरुवात व्हायची तिथे विमान उलट वर चढत होते, आणि धावपट्टी त्याच वेगाने जवळ येत होती.

वळणाच्या अगदी अलीकडे ट्रॅक्टरला ओव्हरटेक करणाऱ्या गाडीसारखे हे आहे. ट्रॅक्टर मागे पडतो, पण वळण अंगावर आलेले असते आणि आता वेगही जास्त असतो. विमानात याला आणखी एक परिमाण आहे, उंचीचे. जास्तीची उंची आणि जास्तीचा वेग दोन्ही एकदम घालवता येत नाहीत. नाक खाली केले तर उंची जाते पण वेग वाढतो. वेग घालवायला नाक वर ठेवले तर उंची तशीच राहते.

कोणते पर्याय हाती होते

पहिला निर्णयबिंदू डाउनविंडवरच होता. मायक्रोलाइट दिसल्यावर सर्किटबाहेर पडून मोठा वळसा घेता आला असता. मायक्रोलाइटला बेसवर, म्हणजे धावपट्टीकडच्या वळणाच्या टप्प्यावर, आणि मग फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळू द्यायचे, ते उतरून धावपट्टी मोकळी झाली की आपण यायचे. किंमत फार तर काही मिनिटे आणि थोडे इंधन. मी हा सर्वोत्तम पर्याय मानतो, पण त्या क्षणी तो निकडीचा वाटला नसेल हेही कबूल करावे लागेल. तोवर परिस्थिती धोकादायक नव्हतीच.

दुसरा बिंदू टीकॅसच्या आदेशानंतरचा, आणि माझ्या मते खरा निर्णय इथे होता. मूळ बेत असा होता: पुढे जायचे, वळायचे, उतरायचे. टीकॅसने त्या बेतातली उंची बदलून टाकली. बेत जिच्यावर उभा होता ती गृहीतके आता उरली नव्हती. अशा वेळी ‘बेत मोडला, नव्याने सुरुवात’ असे स्वतःला मोठ्याने सांगून, चढणे चालूच ठेवून, धावपट्टीवरून पुढे जाऊन परत सर्किटमध्ये येणे सोपे होते. विमान आधीच वर चाललेले होते. गो-अराउंडसाठी, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यासाठी, याहून सोयीची स्थिती क्वचितच मिळते.

तिसरा बिंदू फायनलवरचा. धावपट्टी समोर आहे, पण आपण फार उंच आणि फार वेगात आहोत, हे इथे खिडकीतूनही दिसते आणि कॉकपिटमधल्या उपकरणांवरही.

चौथा बिंदू थ्रेशोल्ड ओलांडतानाचा.

याशिवाय एक पर्याय कायम उघडा होता. फार्नबरो विमानतळ तिथून काही मैलांवर आहे, बिझनेस जेटसाठीच प्रसिद्ध, नियंत्रण कक्षासह आणि बऱ्याच लांब धावपट्टीसह. पण त्या दिवशी त्याची गरजच नव्हती. एक गो-अराउंड पुरेसा होता, म्हणून त्या पर्यायावर मी जास्त रेंगाळत नाही.

प्रत्यक्षात काय झाले

वैमानिकाने वळून धावपट्टीकडे उतरायला सुरुवात केली. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर, १०८ नॉट वेगाने, फेनम मिनिटाला साधारण साडेपाचशे ते सहाशे फूट खाली येते. इथे उतरण्याचा दर मिनिटाला तीन हजार फुटांच्या घरात गेला, म्हणजे नेहमीच्या पाचपट. जमिनीच्या धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा ‘पुल अप’ असे पुन्हा पुन्हा ओरडू लागली.

थ्रेशोल्डवर ठरवलेला वेग १०८ नॉट होता, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमानाने थ्रेशोल्ड ओलांडला तो १५१ नॉटने, ताशी २८० किलोमीटरने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४० टक्के जास्त वेग म्हणजे जवळजवळ दुप्पट ऊर्जा. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. विमान जमिनीला टेकायला तयार नसते, ते तरंगत पुढे जात राहते, आणि खालून धावपट्टी निघून जात असते.

तसेच झाले. विमान टेकले ते थ्रेशोल्डच्या पुढे ७१० मीटरवर, १३४ नॉट वेगाने. टायरच्या खुणांवरून ती जागा निश्चित झाली. पुढे डांबरी पृष्ठभाग उरला होता ४३८ मीटर. विमानाने तो ओलांडला तेव्हा वेग ८३ नॉट होता, म्हणजे ताशी १५० किलोमीटरहून जास्त.

थ्रेशोल्डपासून टेकेपर्यंतचा वेळ वेगावरून काढला, तर तो दहा सेकंदांच्या आसपास येतो. दहा सेकंद हा कॉकपिटमध्ये लांब काळ आहे. इंजिने चालू, पंखांवर भरपूर वेग, समोर मोकळे आकाश. त्या दहा सेकंदांत केव्हाही पॉवर देऊन नाक वर केले असते, तर विमान हसतखेळत वर गेले असते. जास्तीचा वेग, जो लँडिंगचा शत्रू होता, तोच गो-अराउंडला मदत करणार होता. प्रकरण वाचताना मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा भाग.

धावपट्टीवरचा हिशेब

आकडे नुसते वाचण्यापेक्षा त्यांच्याशी थोडे खेळून पाहावे. हा हिशेब माझा आहे, तपास अहवालातला नाही, आणि वेग एकसारख्या दराने उतरला असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात तो तसा उतरत नाही, पण अंदाज यायला इतके पुरते.

४३८ मीटरमध्ये वेग १३४ वरून ८३ नॉटवर आला. याच दराने पूर्ण थांबायला टेकल्यापासून सुमारे ७१० मीटर लागले असते. उपलब्ध होते ४३८. तूट सुमारे २७० मीटरची.

आता एक गोष्ट बदलून पाहू. विमान त्याच १३४ नॉटने टेकले असते, पण थ्रेशोल्डनंतर ३०० मीटरवर, म्हणजे नेहमी टेकवतात त्या पट्ट्याच्या आसपास. पुढे ८४८ मीटर डांबर उरले असते. लागणार होते ७१० मीटर. वेग जास्त असूनही, ब्रेक तापवून, घाम फोडून, पण विमान थांबले असते.

दुसरी गोष्ट बदलू. विमान तिथेच, ७१० मीटरवरच टेकले असते, पण नेहमीसारखे १०० नॉटच्या आसपास. ब्रेकचा दर तोच धरला तर लागले असते साधारण ३९५ मीटर. उरले होते ४३८. तेव्हाही थांबले असते.

म्हणजे नुसता जास्त वेग किंवा नुसते लांब टेकणे, यातले एकटे काही या धावपट्टीवर जीवघेणे ठरले नसते. दोन्ही एकत्र आले, आणि ते एकत्र येणे अटळ होते, कारण लांब टेकण्याचे कारणच जास्त वेग होते. वैमानिक आपल्या अनुभवात कधी वेगात आलेला असतो, कधी लांब टेकलेला असतो, आणि दोन्ही वेळा निभावलेले असते. त्या निभावण्यातून जो विश्वास तयार होतो तो अशा दिवशी दगा देतो.

टेकल्यानंतर गो-अराउंड करता आला असता का, असा प्रश्न चर्चेत नेहमी निघतो. १३४ नॉट हा उडायला पुरेसा वेग आहे हे खरे. पण टेकल्याबरोबर स्पॉयलर उघडतात, ब्रेक लागतात, आणि एकदा थांबायचे ठरवून मग पुन्हा उडायचे ठरवणे ही स्वतःच एक घातक सवय आहे. अर्धवट थांबून अर्धवट उडालेल्या विमानांचे अपघात झालेले आहेत. टेकल्यानंतरच्या निर्णयावर मी वैमानिकाला बोल लावणार नाही. शेवटचे चांगले दार त्याआधीच्या दहा सेकंदांत होते.

परिणाम

आदळण्यातून चौघेही वाचले होते. त्यांचा मृत्यू त्यानंतरच्या आगीने झाला. धावपट्टीच्या पुढच्या मातीच्या बांधाने विमानाला उसळी दिली, पंख तुटला, आणि मोटारींच्या ढिगावर पडलेल्या विमानाला आगीने वेढले. लँडिंगच्या निर्णयावर बोलताना हे विसरले जाते, पण विसरू नये: धावपट्टीच्या टोकापुढे काय आहे यावर जगणे-मरणे ठरते. तिथे सपाट मोकळे मैदान असते तर ८३ नॉटने बाहेर गेलेल्या विमानातली माणसे बहुधा चालत बाहेर आली असती. बांध, गटार, कुंपण, रस्ता, वस्ती यांपैकी काय आहे हे वैमानिकाने ब्रीफिंगमध्येच पाहून ठेवले, तर जाहीर झालेल्या मीटरांना खरा अर्थ येतो.

इशारे पोहोचले का नाहीत

तपास अहवालातला एक आकडा इतर सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. शेवटच्या ३ मिनिटे ३२ सेकंदांत कॉकपिटमध्ये ६६ आवाजी सूचना वाजल्या. म्हणजे सरासरी दर सव्वातीन सेकंदांना एक. टीकॅसचे ‘ट्रॅफिक’, त्याचे चढ-उताराचे आदेश, जमिनीच्या इशारा यंत्रणेचे ‘पुल अप’, त्यात रेडिओवरचे बोलणे.

ज्याने कधी गर्दीच्या वेळी गाडी चालवताना फोन, मागच्या सीटवरचे भांडण आणि रस्ता सांगणारा मोबाइल एकदम ऐकला असेल, त्याला अंदाज येईल. पण विमानात हे अधिक कठीण. मेंदूवर कामाचा भार एका मर्यादेपलीकडे गेला की ऐकणे हे पहिले बंद होणारे इंद्रिय आहे. आवाज कानावर पडतो, अर्थ पोहोचत नाही. तपासकर्त्यांनी नेमके हेच मांडले: वैमानिकाची मानसिक क्षमता भरून गेली असावी, नवी माहिती घेऊन बेत बदलण्याइतकी जागा उरली नसावी, आणि तो सुरुवातीच्या बेताला, उतरण्याला, चिकटून राहिला.

‘इतके इशारे वाजत असताना त्याला कळले कसे नाही’ असा प्रश्न विचारणाऱ्यांना मी उलट सांगेन की इतके इशारे वाजत होते म्हणूनच कळले नाही. मायक्रोलाइटमुळे आलेले इशारे त्याने आधीच समजून घेतले होते, त्यावर उपायही केला होता. त्यानंतरच्या ‘पुल अप’लाही मेंदूने त्याच पोतडीत टाकले असणे अगदी शक्य आहे: ठाऊक आहे, दिसतेय, धावपट्टी समोर आहे. चांगल्या हवेत, दिवसाउजेडी, जमीन स्पष्ट दिसत असताना जमिनीचा इशारा निरर्थक वाटतो. तो इशारा खरे तर आपटण्याबद्दल नव्हता, अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणे, हाताबाहेर गेल्याबद्दल होता.

एकट्याचा कॉकपिट आणि दुसरा आवाज

दुसरा वैमानिक असता तर? स्वाभाविक प्रश्न आहे, आणि उत्तर ‘कदाचित’ इतकेच देता येते.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचे दुबईहून आलेले बोइंग ७३७ टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या, धावपट्टीवरून खाली कोसळले. १६६ पैकी १५८ जण गेले. विमान उंच होते, वेगात होते, थ्रेशोल्डपासून सुमारे ५,२०० फुटांवर टेकले, आणि धावपट्टी सुमारे ८,००० फुटांची होती. तिथे सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड करायला सांगितले होते. ब्लॅकबुशशी याचे साम्य अंगावर येते. फरक इतकाच की मंगळूरला दुसरा आवाज होता आणि तरीही तो पुरला नाही.

म्हणून नुसता दुसरा माणूस बसवणे हे उत्तर नाही. त्याच्या शब्दाला आदेशाची किंमत हवी. अनेक विमान कंपन्यांत आता असा नियम आहे की कोणीही ‘गो-अराउंड’ म्हटले की तो केलाच पाहिजे, चर्चा खाली उतरल्यावर. एकट्या वैमानिकाच्या बाबतीत हा नियम आधीच लिहून ठेवलेल्या आकड्यांनी पाळावा लागतो, कारण आत दुसरे कोणी म्हणणारे नसते.

हवाई सुरक्षेवर काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने असे आकडे कधीचे मांडून ठेवले आहेत. हवा स्वच्छ असेल तर धावपट्टीपासून ५०० फुटांवर, ढगात असाल तर १,००० फुटांवर, विमान स्थिर हवे: लँडिंगच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्तीत जास्त २० नॉट अधिक, उतरण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांच्या आत, चाके-फ्लॅप जागेवर. यातले एक जरी नसेल तर गो-अराउंड. या प्रकरणात थ्रेशोल्डवर वेग २० नव्हे, ४३ नॉट जास्त होता. आणि तरीही हा वैमानिक अपवाद नव्हता. त्याच संस्थेच्या अभ्यासानुसार अस्थिर अप्रोचपैकी शंभरात सुमारे तीनच गो-अराउंडमध्ये बदलतात. बाकी सत्त्याण्णव उतरतात, आणि बहुतेक वेळा काही होत नाही.

काय वेगळे करता आले असते

आकडा आधी ठरवावा आणि तो उंचीशी बांधावा. ‘५०० फुटांवर वेग १२८च्या वर असेल तर गो-अराउंड करणार’ हे वाक्य मिलानहून निघण्यापूर्वीच तयार असू शकते. ऐन वेळी मेंदूला विचार करायला लावायचा नाही, फक्त तुलना करायला लावायची. भार वाढला की विचार थांबतो, पण एका आकड्याची दुसऱ्याशी तुलना बऱ्याच उशिरापर्यंत चालू राहते.

टीकॅसचा आदेश आला की अप्रोच संपला, असा खासगी नियम एकट्याने उडवणाऱ्यांनी करून घ्यावा असे मला मनापासून वाटते. सर्किटमध्ये, जमिनीच्या इतक्या जवळ टीकॅस बोलले म्हणजे बेत मोडलेला आहे. या नियमामुळे कधी कधी विनाकारण एक फेरी वाढेल, हे मान्य. वाढू द्यावी.

प्रवाशांचा विचारही इथे येतो. बिझनेस जेटमध्ये मालक किंवा त्याची माणसे मागे बसलेली असतात. दुसऱ्या फेरीने त्यांना नाराजी वाटेल, वैमानिक ‘चुकला’ असे वाटेल, ही भीती छोट्या विमानांत फार खोल असते. त्या दिवशी असा दबाव होता असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे असे विमान आहे, त्यांनी आपल्या वैमानिकाला एकदा तोंडाने सांगावे की गो-अराउंड केल्याबद्दल कधी कारण विचारणार नाही. यात खर्च शून्य आहे.

विमानतळाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न संथ आणि जलद विमानांना एका सर्किटमध्ये मिसळण्याचा आहे. जेट येत असल्याचे आधी कळले असेल तर मायक्रोलाइटनेही थोडे बाजूला राहण्याची तयारी दाखवता येते, दोघांची बोलणी रेडिओवर आधी झाली तर ओव्हरटेकची वेळच येत नाही. भारतातही प्रशिक्षणाची छोटी विमाने आणि पाहुण्यांना घेऊन येणारी जेट विमाने एकाच धावपट्टीवर उतरवणारे, पूर्ण नियंत्रण नसलेले विमानतळ आहेत. तिथल्या प्रशिक्षण शाळांनी आणि जेट चालवणाऱ्यांनी हे प्रकरण एकत्र बसून वाचावे: कोण आधी बोलणार, कोण किती दूरवर थांबणार, जेटने किती मैल आधी आपण येत असल्याचे कळवायचे.

आणि सिम्युलेटरमध्ये गो-अराउंडचा सराव बहुतेकदा एका इंजिनाचा बिघाड किंवा धुके दाखवून होतो. ब्लॅकबुशसारखा प्रसंग द्यावा: उजेड, स्वच्छ हवा, ओळखीची धावपट्टी, पुढे एक संथ विमान, टीकॅसचा आदेश, आणि मग एकापाठोपाठ एक वाजणारे इशारे. प्रशिक्षकाने मध्ये बोलू नये. वैमानिकाने थ्रेशोल्ड १३० नॉटच्या वर ओलांडला की सिम्युलेटर तिथेच गोठवावा आणि पडद्यावर उरलेले मीटर दाखवावेत. मग त्याच क्षणापासून गो-अराउंड करून दाखवायला सांगावे, म्हणजे विमान तिथूनही किती सहज वर जाते हे हाताला कळेल.